पुलाची नाडी कोणी पाहायची?



गेल्या रविवारी विहारातील वंदना आटोपल्यावर आमच्या चाळीतील एक मुलगी आमच्याजवळ आली. स्थापत्य अभियांत्रिकीच्या डिप्लोमाचे तिचे शेवटचे वर्ष आहे. वडील हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. म्हणाली, "काका, कॉलेजात सेमिनार द्यायचा आहे. विषय आहे डिजिटल इंजिनिअरिंग. केंब्रिजच्या संशोधकांनी पुलांमध्ये काचेच्या तारा बसवल्यात, ते मी निवडलंय. पण तोंडी सांगायला गेले की अडखळते. आधी तुम्हाला सांगून बघते. तुम्हाला समजलं तर सगळ्यांना समजेल."

या शेवटच्या वाक्याचा अर्थ आम्ही तिला विचारला नाही. आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. जमाखर्च जुळवणे, नोंदवह्या ठेवणे आणि साहेबांच्या सहीसाठी फाईल पुढे सरकवणे यात आमची बावीस वर्षे गेली. पूल आम्हाला माहीत तो फक्त ओलांडण्यापुरता. तरी दोन रात्री तिच्याबरोबर बसलो. शेजारचे आबाही येऊन बसले. आबा रेल्वेत गँगमन होते, आता पेन्शनवर आहेत. तिघांच्या बैठकीत जे उमगले ते या आठवड्याच्या सदरात देत आहोत.

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात २०११ साली एक संशोधन केंद्र सुरू झाले. नाव लांबलचक आहे. मराठीत सांगायचे तर पूल, बोगदे, पाये यांना स्वतःची तब्येत सांगायला लावणारे केंद्र. त्याचे प्रमुख होते प्रा. रॉबर्ट मेअर. हे गृहस्थ बोगद्यांचे मोठे जाणकार. लंडनच्या भुयारी रेल्वेची ज्युबिली लाईन वाढवताना बिग बेनचा मनोरा कलू नये म्हणून त्याखालच्या जमिनीत सिमेंटचे मिश्रण दाबाने भरावे लागले होते. त्या कामात त्यांचा वाटा होता. जमिनीखाली काय चालले आहे हे वरून दिसत नाही, म्हणून मोजमापाशिवाय इलाज नाही, हे अशी कामे करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आता ती काचेची तार. केसासारखी बारीक असते. टेलिफोन आणि इंटरनेटसाठी आपल्याकडे रस्ते खणून जी केबल टाकतात, तिच्या पोटात हीच तार. तिच्यात ठरावीक जागी अतिशय सूक्ष्म रेघांची जाळी कोरलेली असते. एका टोकाने प्रकाश सोडला की ही जाळी त्यातला एकच ठरावीक रंग परत पाठवते. पुलावर भार येऊन तार ताणली गेली की रेघांमधले अंतर वाढते आणि परत येणारा रंग किंचित बदलतो. किती बदलला ते यंत्र मोजते. त्यावरून त्या जागी पुलाला किती ताण बसला ते निघते. उन्हाथंडीनेही रंग बदलतो, तेव्हा तापमानाची वजावट करावी लागते. वजावट हा शब्द आला आणि आम्हाला हायसे वाटले. म्हणजे शेवटी हिशेबच की!

या मंडळींनी स्टॅफर्डशायर परगण्यात नॉर्टन ब्रिज या ठिकाणी दोन नवीन रेल्वे पूल बांधले जात असतानाच त्यांच्यात अशा तारा बसवल्या. एक पूल पोलादी, दुसरा काँक्रीटचा. काँक्रीटच्या तुळया कारखान्यात ओतल्या जात होत्या तेव्हाच तारा आत घातल्या. आपल्याकडे बाळाचे वजन अंगणवाडीत जन्मापासून लिहून ठेवतात, तशी या पुलांची नोंद पहिल्या दिवसापासून आहे. जुन्या पुलावर यंत्र लावले तर आज काय आहे तेवढेच कळते. धट्टाकट्टा असताना तो कसा होता हे कोणी लिहिलेलेच नसते, मग तुलना कशाशी करणार? आरंभीची शिल्लक माहीत नसलेले खाते आमच्यासारख्याने कसे जुळवावे?

पुढची पायरी म्हणजे 'डिजिटल ट्विन', पुलाचे संगणकातले जुळे भावंड. खऱ्या पुलावरून गाडी गेली की तारांनी मोजलेला ताण त्या जुळ्याला कळवायचा. जुळ्याने आपल्या गणिताने सांगायचे की एवढ्या वजनाच्या गाडीला एवढा ताण यायला हवा. दोन्ही आकडे जुळले तर ठीक. फरक पडत गेला तर एक तर गणित चुकले, नाही तर पूल बिघडू लागला. या पुलांच्या बाबतीत हे काम लंडनच्या ॲलन ट्युरिंग इन्स्टिट्यूटच्या गणितज्ञांबरोबर झाले. बँकेचे पासबुक आणि आपली रोकडवही महिनाअखेरीस जुळवतात ना, तेच हे. फक्त दर गाडीगणिक.

इतका वेळ आबा गप्प होते. मग म्हणाले, "आम्ही रुळावर हातोडी मारायचो. घट्ट असला की आवाज ठणठणीत. ढिला असला की बद्द. साहेबाला यंत्र लागतंय, आम्हाला कान पुरायचा."

मुलगी म्हणाली, "आबा, तुमचा कान तुमच्याबरोबर रिटायर झाला ना! तुम्ही काय ऐकलंत ते कुठे लिहिलंय?"

आबांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "सांगायचो मुकादमाला. पुढं त्यानं काय केलं ते त्याला ठावं."

हीच तर गोष्ट आम्हाला दोन दिवस सतावते आहे. ऐकले कोणी, लिहिले कोणी, आणि पुढे त्याचे झाले काय?

त्याच केंब्रिजच्या दुसऱ्या एका अभ्यासाची गोष्ट ऐका. उत्तर इंग्लंडमध्ये व्हार्फ नदीवर टॅडकॅस्टर नावाचे गाव आहे. तिथे जुना दगडी कमानींचा पूल होता. २०१५च्या डिसेंबरात नदीला महापूर आला आणि २९ डिसेंबरला पुलाचा एक भाग कोसळला. कोणी दगावले नाही, कारण पुराचे पाणी पाहून पूल आधीच रहदारीला बंद केला होता. दुरुस्त होऊन तो २०१७च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाला. नंतर डॉ. शक्ती सेल्वाकुमारन या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूल पडण्याआधीच्या काळातली उपग्रहाची रडार-चित्रे काढून तपासली. जर्मनीचा हा उपग्रह दर अकरा दिवसांनी त्याच जागेवरून जातो आणि जमिनीवरील वस्तू काही मिलिमीटर सरकली तरी त्याच्या लहरींत ते पकडता येते. त्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जो भाग पडला तो पडण्याआधीच हलू लागला होता, हे त्या चित्रांत दिसले. पुलाच्या पायाखालची वाळू-माती वाहत्या पाण्याने खरवडून निघते, पाया उघडा पडतो आणि पूल खचतो. वरून चालणाऱ्याला डांबर गुळगुळीतच दिसते.

आता हेही खरे की ही शहाणपणाची गोष्ट पूल पडल्यानंतरची आहे. शिवाय पूर काही अकरा दिवस थांबून येत नाही. पण प्रत्येक खेड्यातल्या पुलाला तारा जोडत बसण्याइतका पैसा कोणाकडे नाही. तिथे आकाशातून पाहून 'या शंभरांतले हे तीन आधी जाऊन तपासा' एवढे जरी कळले तरी मोठा आधार आहे.

टॅडकॅस्टरचे वाचले आणि आम्हाला सावित्री आठवली. त्यानंतर सातच महिन्यांनी, २ ऑगस्ट २०१६च्या रात्री, मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळचा सावित्री नदीवरील पूल पुरात वाहून गेला. तोही दगडी कमानींचा, तोही जुना, ब्रिटिश अमदानीतला. एस.टी.च्या दोन बसगाड्या आणि आणखी एक वाहन नदीत गेले. मृत व बेपत्ता मिळून चाळीसच्या आसपास माणसे गेली. दरवर्षी वीस मार्चला चवदार तळ्यावर जाताना आपल्यापैकी किती जण त्याच पुलावरून गेले असतील! त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो धोकादायक आढळला नव्हता, असे नंतर सरकारतर्फे सांगण्यात आले. म्हणजे नोंद होती. पण मे महिन्यात कोरड्या नदीच्या काठी उभे राहून लिहिलेली नोंद ऑगस्टच्या पुरात किती कामाची? टॅडकॅस्टरला पाणी चढताच पूल बंद झाला. इथे त्या रात्री पूल बंद करायला कोणी नव्हते. पूल गेल्यानंतर जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या ते ध्यानात आले आणि त्याच्या आरडाओरड्याने पुढच्या गाड्या थांबल्या. पावसात, अंधारात, ना पगार ना हुद्दा. त्या रात्रीचे यंत्र म्हणाल तर तो माणूस.

पुढे दोनच महिन्यांत, ऑक्टोबर २०१६ मध्ये, केंद्र सरकारने राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांची संगणकीय नोंदवही सुरू केली. दीड लाखाहून अधिक पूल व मोऱ्या तीत आहेत, प्रत्येकाला क्रमांक आहे. कारकून म्हणून आम्हाला याचा आनंदच आहे. पण नोंदवही म्हणजे काही उपाय नव्हे. गेल्या वर्षी, १५ जून २०२५ रोजी, पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीने कोसळला आणि चौघे गेले. तो पूल धोकादायक आहे हे ठाऊक होते, तसा फलकही होता. तिथे काचेची तार लावून काय नवे कळले असते?

आमच्या वस्तीमागच्या नाल्यावर एक पायपूल आहे. सकाळी शाळेची मुले आणि कामावर जाणाऱ्या बाया त्यावरूनच जातात. खालची सळई उघडी पडून गंजली आहे. मंडळातर्फे आम्ही चार वर्षांत पाच अर्ज केले. एकदा उत्तर आले: 'पाहणी करण्यात आली. तूर्त धोका दिसून येत नाही.' अशी वाक्ये आम्ही स्वतः टंकलेली आहेत, त्यामुळे ती कशी तयार होतात ते आम्हाला चांगले ठाऊक आहे. तारीख नाही, माप नाही, कुठली सळई किती झिजली याचा उल्लेख नाही. त्या उत्तराखाली कोणीही सही करू शकतो आणि पुढे कोणालाच जाब द्यावा लागत नाही.

ते पत्र आम्ही मुलीला दाखवले. तिने वाचून खाली ठेवले. म्हणाली, "काका, केंब्रिजवाले हेच तर म्हणतात. शेरा नको, माप द्या. आणि तेच माप पुन्हा पुन्हा, त्याच जागी."

मग तिने आणखी एक सांगितले. भारत आणि अमेरिका यांनी मिळून बनवलेला 'निसार' हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडला गेला. बारा दिवसांचा त्याचा फेरा आहे, जमीन किती हलली ते तो पाहतो आणि त्याची माहिती सर्वांना खुली ठेवण्याचे धोरण आहे. लहान पुलासाठी त्याची नजर पुरेल का, हे बसून तपासणारे कोणी पाहिजे. "आमच्या कॉलेजात कोणी नाही बसलेलं अजून," ती म्हणाली. डिप्लोमानंतर डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्याची फी आणि शिष्यवृत्ती याचा कागद आम्ही तिच्या वडिलांसमोर ठेवला आहे. वडील म्हणतात, यंदा लग्नाचे पाहू. आई काही बोलली नाही. पण कागद घडी करून तिने ट्रंकेत ठेवला, तेवढे आम्ही पाहिले.

उपग्रहाची वाट पाहत बसणे आम्हाला परवडणारे नाही. म्हणून येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही चारपाच जण त्या पायपुलावर जाणार आहोत. मुलगी कॉलेजातून व्हर्नियर कॅलिपर आणणार आहे. उघड्या सळईवर सहा जागी रंगाच्या खुणा करून प्रत्येक जागची जाडी लिहायची, भेगेच्या दोन्ही बाजूंना खूण करून अंतर लिहायचे, तारीख घालून फोटो काढायचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तेच पुन्हा. वही आमच्याकडे राहील. सहावा अर्ज त्या वहीच्या नकलेसह जाईल. ज्यांच्या वस्तीत असा पूल आहे त्यांनी पोस्टकार्ड टाकावे, रकाने कसे आखायचे ते कळवू.

आबांनी त्यांची जुनी हातोडी माळ्यावरून काढली आहे. म्हणतात, "तुमचं माप तुम्ही घ्या. मी एकदा वाजवून बघतो."