सोलापुरी चादरीची अब्रू
सोलापूरच्या चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि परगावच्या नकलेविरुद्ध कायद्याचे कवच लाभले. परंतु गिऱ्हाईक कायद्याकडे नव्हे, दुकानदाराकडे पाहून माल घेते. जकार्डच्या मागावर दोन्ही बाजूंना नक्षी उमटविणे ही विणकराची कल्पकता. ती चादर पुरती उलगडून, उलटसुलट दाखवून, रंग व वजन यांविषयी खरे तेच सांगणे ही व्यापाऱ्याची. सौदा न झाला तरी कपाळाला आठी न घालता पुन्हा घडी घालणारा दुकानदार गावाची अब्रू राखतो. नकली माल सोलापुरी म्हणून खपविणारा मात्र चार पैशांच्या नफ्यासाठी विणकराच्या तोंडचा घास हिरावून घेतो. तेव्हा सरकारकडे दाद मागण्याआधी व्यापारीबंधूंनी आपापल्या दुकानातील फळ्या तपासाव्यात, हे बरे!