दहावीचा फेब्रुवारी आणि सरकारचा फेब्रुवारी

माध्यमिक शाळेचे वर्ष कागदोपत्री जूनमध्ये सुरू होते आणि एप्रिलमध्ये संपते. ज्या घरात दहावीचे मूल आहे त्या घराचा हिशेब मात्र निराळा असतो. तिथे वर्ष दिवाळीची सुट्टी संपली की सुरू होते आणि फेब्रुवारीत पहिल्या पेपरला येऊन थांबते. मधल्या तीन महिन्यांत शाळेला अभ्यासक्रम संपवायचा असतो, सराव परीक्षा घ्यायच्या असतात, तोंडी आणि प्रात्यक्षिके उरकायची असतात. शिवाय सहल, क्रीडास्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, स्नेहसंमेलन आणि दहावीचा निरोप समारंभ असतोच. शाळा म्हणून जे काही पुढे आयुष्यभर आठवते ते बहुतेक याच दिवसांतले.

२०२५-२६ या वर्षी या तीन महिन्यांचे काय झाले, ते तारखा मांडून पाहण्यासारखे आहे. २३ नोव्हेंबरला शिक्षक पात्रता परीक्षा झाली. २ डिसेंबरला राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा-नगरपंचायतींचे मतदान झाले. ५ डिसेंबरला शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या संघटनांनी राज्यभर शाळा बंद ठेवण्याची हाक दिली. २१ डिसेंबरला मतमोजणी झाली. १५ जानेवारीला २९ महानगरपालिकांचे मतदान. आणि २० फेब्रुवारीला दहावीचा पहिला पेपर. मतदान म्हणजे एक दिवसाचे काम असे आपण मतदार समजतो. ज्याला मतदान केंद्रावर बसायचे असते त्याला त्याआधी प्रशिक्षणाला जावे लागते, आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यावे लागते आणि मतदानाच्या रात्री पेट्या जमा करून घरी यायला किती वाजतील याचा नेम नसतो. दुसऱ्या दिवशी तो फळ्यासमोर उभा राहतो तेव्हा त्याच्याकडून बीजगणिताची कितीशी अपेक्षा करायची?

मोठ्या शहरातल्या चार तुकड्यांच्या शाळेत हे कसेबसे निभावते. एक शिक्षक गेला तर दुसरा त्याचा तास घेतो. खरी अडचण तालुक्याच्या आतल्या गावांत आहे. तिथे आठवी ते दहावीची एकेक तुकडी असते. गणित आणि विज्ञान एकच शिक्षक शिकवतो, इंग्रजीला एक असतो, मराठी-हिंदी आणि इतिहास-भूगोल उरलेले वाटून घेतात, आणि मुख्याध्यापक तास घेतात, खिचडीचा हिशेब ठेवतात, शिवाय ऑनलाइन माहितीही भरतात. (ही माहिती भरणे हा आता एक स्वतंत्र विषयच झाला आहे.) अशा शाळेतला गणिताचा शिक्षक जानेवारीत आठ दिवस बाहेर राहिला तर त्या आठ दिवसांत दहावीला गणित होत नाही, इतके ते साधे आहे. शहरातला मुलगा संध्याकाळी क्लासला जाऊन भरून काढतो. गावातल्या मुलीला क्लास म्हणजे एसटीने तालुक्याला जाणे, आणि परतीची शेवटची गाडी चुकली तर घरचे दुसऱ्या दिवसापासून पाठवत नाहीत.

त्यात या छोट्या शाळांच्या डोक्यावर संचमान्यतेची टांगती तलवार आहे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने पटसंख्येवर शिक्षकांची पदे ठरवण्याचे निकष बदलले. वरच्या वर्गांचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षकाचे पदच उरत नाही, ही शाळांची मुख्य तक्रार आहे, आणि ५ डिसेंबरच्या बंदमागे जी कारणे होती त्यांत हे एक होते. दुसरे कारण सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाचे. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि शिक्षण हक्क कायद्यापूर्वी नेमल्या गेलेल्या शिक्षकांनाही, सेवेची पाचहून अधिक वर्षे शिल्लक असतील तर, दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागेल असे त्या निकालाने ठरले. माध्यमिक शाळांतून पाचवी ते आठवीचे वर्ग असल्याने हा प्रश्न त्यांच्याही दारात आला. पंचेचाळिशी-पन्नाशीतले शिक्षक रात्री जेवण झाल्यावर स्वतःच पुस्तक घेऊन बसू लागले.

या मागण्यांविषयी सरसकट सहानुभूती बाळगावी असे मला वाटत नाही. मुलांची परीक्षा घेणाऱ्याने स्वतः परीक्षेला बसण्यात कमीपणा नाही. शाळेत कंटाळत शिकवून संध्याकाळी क्लासमध्ये जोमाने शिकवणारे महाभागही आपण पाहिलेले आहेत. आणि वर्षाच्या ऐन मोक्याच्या वेळी शाळा बंद ठेवण्याने नुकसान झाले ते मुलांचेच. पण शिक्षकाला जाब विचारायचा तर त्याला आधी वर्गात तरी असू दिले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे म्हटले आणि लगेच तीन कामे वगळली: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. तीनही कामे देशाचीच, त्यांना नाही कोण म्हणणार? मात्र ही सवलत लिहिताना कुणी शाळेचे वेळापत्रक शेजारी ठेवले होते असे दिसत नाही.

आता वेळापत्रकाकडेच वळू. २०२४ मध्ये दहावीची लेखी परीक्षा १ मार्चला सुरू झाली होती. २०२५ मध्ये मंडळाने ती २१ फेब्रुवारीवर आणली आणि २०२६ मध्ये २० फेब्रुवारीवर. हेतू चांगला होता. निकाल लवकर लागावा, पुरवणी परीक्षा लवकर व्हावी, अकरावीचे वर्ग वेळेवर भरावेत. निकाल खरोखरच लवकर लागला, २०२४ मध्ये २७ मे, तर २०२५ मध्ये १३ मे. पुढे काय झाले ते पालकांना आठवत असेल. अकरावीचा प्रवेश त्या वर्षी प्रथमच सबंध राज्यात ऑनलाइन झाला, २१ मे रोजी पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बंद पडले आणि फेऱ्यांमागून फेऱ्या ऑगस्टपर्यंत चालल्या. शाळेकडून काढून घेतलेले दहा दिवस अशा रीतीने संगणकापुढे खर्ची पडले. ते शाळेकडेच राहिले असते तर निदान भूमितीची उजळणी झाली असती.

निकालाचे आकडे पाहिले तर काही बिघडले आहे असे वाटतही नाही. २०२४ मध्ये ९५.८१ टक्के, २०२५ मध्ये ९४.१० टक्के. कोकण नेहमीप्रमाणे वर, ९८.८२, नागपूर तळाशी, ९०.७८. शंभरातली चौऱ्याण्णव मुले उत्तीर्ण होत असतील तर तक्रार कसली, असे अधिकारी विचारू शकतात. पण वीस गुण शाळेच्या हातचे असतात आणि उत्तीर्ण होण्याला पस्तीस पुरतात. गणितात अठ्ठेचाळीस मिळवून अकरावी विज्ञानाला गेलेले मूल पहिल्या सहामाहीतच कसे गळपटते, ते कनिष्ठ महाविद्यालयातल्या कुणालाही विचारावे. निकालाच्या टक्केवारीत ते दिसत नाही.

पुढच्या वर्षाची गोष्ट याहून अवघड आहे. २०२१ मध्ये व्हायची राहिलेली जनगणना आता होते आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७, आणि प्रत्यक्ष शिरगणती २०२७ च्या फेब्रुवारीत. २०११ मध्येही शिरगणती फेब्रुवारीतच झाली होती, ९ ते २८ तारखेपर्यंत. तेव्हा ते खपून गेले, कारण दहावीची परीक्षा मार्चमध्ये असायची. परीक्षा गेल्या दोन वर्षांप्रमाणेच विसाव्या-एकविसाव्या तारखेला सुरू झाली, तर २०२७ मध्ये एकाच पंधरवड्यात एकाच शिक्षकाने दारोदार फिरून माणसे मोजायची, प्रात्यक्षिकांचे गुण भरायचे आणि परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षण करायचे असा प्रसंग येईल. शिष्यवृत्ती परीक्षाही साधारण त्याच महिन्यात असते. जनगणना दिल्लीची, परीक्षा मंडळाची आणि कामाचे आदेश तालुक्याचे. तिघांच्या भिंतीवर वेगवेगळी दिनदर्शिका लटकते, आणि तिन्ही दिनदर्शिकांवर नाव मात्र एकाच माणसाचे.

उपाय फार विद्वत्तेचे नाहीत. दहावीला गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकवणाऱ्यांची नावे मुख्याध्यापकांनी आधीच तहसील कचेरीला कळवावीत आणि ती प्रगणकांच्या यादीतून वगळावीत. इतर खात्यांत माणसे आहेत. शिक्षक सोयीचे वाटतात ते त्यांच्याकडे हजेरीपट असतो आणि ते नाही म्हणत नाहीत म्हणून. मंडळाला परीक्षा आठ दिवस पुढे नेता येते का, हेही आताच विचारले पाहिजे. जानेवारीत विचारून उपयोग नाही, तोवर बैठक क्रमांक छापून झालेले असतात.

हे विचारायचे कुणी? शिक्षकांनी विचारले तर काम टाळतात म्हणतील. संस्थाचालकांना तुकडी टिकवण्याची चिंता आहे. राहिले पालक. पालक-शिक्षक संघ बहुतेक शाळांत आहे, पण त्याची सभा फी आणि गणवेशावर सुरू होऊन तिथेच संपते. निम्मे पालक दहावीच्या वर्षी शाळेकडे केवळ प्रवेशपत्र मिळण्याचे ठिकाण म्हणून पाहतात, कारण अभ्यास क्लासमध्ये होतो असे त्यांनी मनाशी ठरवून टाकलेले असते. ज्यांना क्लास परवडत नाही तेच उरलेले निम्मे, आणि सभेला त्यांना रोजगार बुडवून यावे लागते. राज्याच्या बहुतेक भागांत शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा. पहिल्या पालकसभेची चिठ्ठी घरी येईल तेव्हा विषयपत्रिकेत एक ओळ वाढवून मागता येईल: दहावीच्या शिक्षकांना डिसेंबर ते फेब्रुवारी कोणकोणती बाहेरची कामे आहेत, आणि त्या दिवशी त्यांचा तास कोण घेणार?