जुना कॅमेरा कशासाठी?

"सर, मोबाइल असताना तुम्ही हा जुना, जड कॅमेरा कशाला घेतलात?" वर्गातील एका मुलाने मला विचारले. प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर मी येथे देत आहे.

माझा कॅमेरा पेंटॅक्स के-१००० हा आहे. हा जपानी कॅमेरा १९७६ साली बाजारात आला आणि सुमारे वीस वर्षे तयार होत राहिला. त्याच्या आत एक आरसा असतो. त्यामुळे भिंगातून येणारे दृश्यच आपल्या डोळ्यांना दिसते. बटण दाबले की आरसा वर जातो, पडदा उघडतो आणि फिल्मवर चित्र उमटते. प्रकाश मोजण्यापुरती एक लहान बॅटरी लागते. बाकीचे सारे काम चाके आणि स्प्रिंगा करतात.

असे जुने कॅमेरे मुंबईच्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी मिळतात. किंमत कमी असली, तरी डोळे झाकून खरेदी करू नये. भिंग उजेडासमोर धरावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली, तर तो कॅमेरा परत ठेवावा. मागचे झाकण उघडून प्रत्येक वेगावर बटण दाबून पाहावे. वेग एक सेकंदाचा असेल, तर पडदा तेवढा वेळ उघडा राहिला पाहिजे. झाकणाच्या कडेचा फोम चिकट झाला असेल, तर प्रकाश आत शिरतो. पण तो फोम बदलता येतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॅमेरा एकदाच घ्यावा लागतो, रोलचा खर्च मात्र पुन्हा पुन्हा येतो.

मग माझा फायदा काय झाला? आधी नुकसान सांगतो. नानी आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मी मोठ्या हौसेने त्यांचे फोटो काढले. रोल धुऊन आला, तो कोरा! फिल्मचे टोक आतल्या गुंडाळीत अडकलेच नव्हते. फिल्म पुढे सरकताना डावीकडची गोल खुंटी फिरते. तिच्याकडे मी पाहिलेच नव्हते. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, माझ्या घाईचा होता. तोपर्यंत नानी गावी परतल्या होत्या.

सुट्टीत मी त्यांच्या गावी गेलो. या वेळी खुंटी फिरताना पाहिली. उजेड कुठून येतो ते पाहिले. नानी तांदूळ निवडत होत्या. मी बराच वेळ त्यांच्याजवळ बसलो आणि फक्त तीन फोटो काढले. नानी हसून म्हणाल्या, "मोबाइलवाले फोटो काढतात आणि निघून जातात. तू निदान बसलास तरी!"

माझे उत्तर हेच आहे. मोबाइल वाईट नाही. घाईच्या कामाला तोच उपयोगी पडतो. पण ज्या कॅमेऱ्यात छत्तीसच चित्रे मावतात, तो आपल्याला आधी नीट पाहायला लावतो.

मुलांनो, यासाठी आईवडिलांकडे पैशांचा हट्ट धरू नका. आधी घरातील जुनी पेटी उघडून पाहा. एखाद्या मामूंचा कॅमेरा तिथे पडून असेल. आणि तो नसला, तरी फोटो काढण्यापूर्वी घटकाभर जवळ बसायला पैसे पडत नाहीत.