ओरडायचं कुणी?

पेणजवळ हमरापूरला गणपतीच्या एका कारखान्यात बायकांच्या मजुरीविषयी बोलायला गेले होते. रंगकाम करणारी एकोणीस वर्षांची एक मुलगी एका कानात हेडफोन घालून बसली होती. मालकाने विचारलं, काय ऐकतेस? तिने वायर काढून आवाज मोठा केला. "बंद कर ते राक्षसाचं ओरडणं, समोर देव आहेत," मालक म्हणाला. खरं सांगते, त्या क्षणी माझंही मत त्याच्यापेक्षा वेगळं नव्हतं.

नंतर ती म्हणाली, "ताई, हे बायकांवरच्या अत्याचारांबद्दल आहे."

ते होतं मुंबईच्या सेप्टर या हेवी मेटल बँडचं. बँड १९९८ सालचा, पण पहिला पूर्ण अल्बम 'एज ऑफ कलॅमिटी' यायला २०१३ साल उजाडलं. दिल्लीच्या घटनेनंतरचं ते वर्ष. विषय बायकांची अवस्था, आणि विक्रीचे पैसे मुलींच्या अनाथाश्रमाला देण्याचं बँडने जाहीर केलं होतं. आपल्यापैकी किती जणींना हे ठाऊक होतं? मला नव्हतं. सिनेमातल्या, जाहिरातींतल्या बाईच्या चित्रणावर आपण इतकं बोललो, पण हे संगीत म्हणजे बिघडलेल्या पोरांचा धिंगाणा असं धरून त्याकडे पाहिलंच नाही.

मुळात हे संगीत कामगार वस्तीतलं आहे. १९७० साली ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला तो इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातून. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली गेली होती. प्लास्टिक वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या आणि वाजवत राहिला. धाटावच्या एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांच्या बायकांना हे सांगितलं, तेव्हा त्यांना ते अजिबात परकं वाटलं नाही.

रोह्याच्या बैठकीत मी त्यातलं एक गाणं लावलं. निम्म्या जणी हसल्या, दोघींनी कान झाकले. एक मावशी मात्र शांतपणे म्हणाल्या, "बाप्ये ओरडले तर गाणं. मी ओरडले तर अंगात आलं म्हणतात." मग बोलणं थांबेचना. नवरा मारतो तेव्हा सासू सांगते, हळू, शेजारी ऐकतील. बाळंतपणात नर्स दरडावते, ओरडू नकोस, तेव्हा नाही लाज वाटली? आवाज काढायला बाईला मुभा दोनच ठिकाणी, देवीपुढे आणि मयताला.

इथेच माझी त्या अल्बमविषयीची तक्रार सुरू होते. बँडमधले सगळे पुरुष. बाई विषय म्हणून आहे, आवाज म्हणून नाही. अनाथाश्रमाला पैसे दिले हे चांगलंच, पण दया आणि हक्क यांतला फरक आपण वर्षानुवर्षं सांगत आलो आहोत. दिल्लीच्या ब्लडीवूडचा २०२२ सालचा 'रक्षक' हा अल्बमही मी ऐकला. त्यातलं 'दाना दन' लैंगिक अत्याचार करणाऱ्याला ठोकून काढायची भाषा करतं. ऐकताना मूठ वळते, माझीही वळली. पण माझ्याकडे येणाऱ्या बाईचा गुन्हेगार बहुतेक वेळा तिच्याच घरात जेवत असतो. तिला ठोकणारा रक्षक नको असतो. संरक्षणाचा आदेश, राहतं घर आणि पोटगी हवी असते. आणि रक्षक म्हणजे तरी कोण? भाऊ, बाप, नवरा, हेच ना?

तरीही पुरुषांनी हा विषय पुरुषांच्याच गर्दीपुढे नेला, याचं मोल मी कमी करणार नाही. आपल्या सभांना ती पोरं येत नाहीत.

त्या मुलीला आता ड्रम शिकायचे आहेत. मुंबईतला मामेभाऊ जुना सेट द्यायला तयार आहे, घरात जागा नाही. रविवारी दोन तास आमच्या मंडळाची खोली मिळेल का, असं तिने विचारलंय. शेजारच्या समाजमंदिरात पोरांच्या बेंजोची तालीम रात्री अकरापर्यंत चालते, त्यावर कधी कुणी ब्र काढलेला नाही. पुढच्या बैठकीत मी विषय ठेवणार आहे. विरोध होईल तो आमच्याच बायकांकडून, लोक काय म्हणतील म्हणून. मावशींना आधीच विचारून ठेवलंय. त्या म्हणाल्या, "खोली देऊ. पण मलापण एकदा बडवू दे."