बिघाड शोधण्याचेही पैसे द्या

ध्वनिमुद्रण स्टुडिओतली जुनी यंत्रं दुरुस्त करून माझं पोट भरतं. टेप मशीन, मिक्सिंग कन्सोल, क्वचित एखादा व्हॉल्व्हवाला मायक्रोफोन. पूर्ण बंद पडलेलं यंत्र आलं की मला बरं वाटतं. फ्यूज, ट्रान्झिस्टर, मोटर, जे गेलंय ते मीटरवर सापडतं. डोकं खातो तो येणारा-जाणारा बिघाड. तासाभराने डावा चॅनेल अचानक बारीक होतो, कुणी टेबलावर हात आपटला की पूर्ववत. माझ्याकडे येईपर्यंत टेम्पोच्या हादऱ्यांनी यंत्र ठणठणीत झालेलं असतं. मग मालक विचारतात, "मॅडम, आता तर चालतंय. बिल कशाचं?"

आपल्याकडे दुरुस्तीचं बिल पार्ट्सवर होतं. टेपांच्या डिजिटायझेशनची कंत्राटं निघतात तीही तासाला इतके रुपये अशी. शोधण्याच्या वेळेला त्यात रकानाच नसतो. त्यामुळे तंत्रज्ञ जे बिलात दाखवता येईल तेच करतो, म्हणजे पार्ट्स बदलतो. "सगळे कपॅसिटर बदलून टाका" हा तर रामबाण उपाय मानला जातो. बदलण्याला माझा विरोध नाही. पॉवर सप्लायमधले मोठे कपॅसिटर तीस-चाळीस वर्षांत सुकतात, आणि मेन्सच्या बाजूला बसवलेले जुने कागदी कपॅसिटर तडकून धूर काढतात. ते न विचारता बदलावेत. पण २४ ट्रॅकच्या मशीनमध्ये प्रत्येक ट्रॅकची वेगळी कार्डं असतात. सगळं बदलायचं म्हणजे शेकडो जुने जोड तापवायचे, त्यात बोर्डावरची तांब्याची पातळ पट्टी उचकटायची, आणि एका बिघाडाचे चार करायचे. मूळचा बिघाड बहुधा कपॅसिटरमध्ये नसतोच.

तो कुठे असतो? पुष्कळदा संपर्कात. कन्सोलमध्ये आवाजाचा रस्ता बदलायला डझनावारी रिले आणि स्विच असतात. त्यांच्या चांदीच्या टोकांवर हवेतल्या गंधकाने काळा थर चढतो, देव्हाऱ्यातल्या निरांजनावर चढतो तसाच. दिव्याच्या स्विचमधला करंट असा थर सहज फोडतो. मायक्रोफोनचा सिग्नल मात्र काही मिलिव्होल्टचा, त्याच्यात ती ताकद नाही. गायिकेने मंद्रात हळूच सुरुवात केली की आवाज तुटका येतो, तार सप्तकात गेली की स्वच्छ. आणि आपण तपासायला म्हणून जोरात टेस्ट टोन सोडला की थर फुटून बिघाड पसार!

साठच्या दशकातल्या एएफ११७ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरची तऱ्हा आणखी और. त्याच्या धातूच्या डबीत कथलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि आतल्या तारेला जाऊन भिडतात. टिचकी मारली की तंतू मोडतो, यंत्र चालू. काही महिन्यांनी दुसरा वाढतो. टिचकी मारून पैसे घेणाऱ्याला देव क्षमा करो.

असा बिघाड पकडायचा तर तो चालू असताना पकडावा लागतो. म्हणून मी सुरुवातीला कार्ड उपसून पुन्हा बसवत नाही. उपसताना कनेक्टरच्या पट्ट्या घासून साफ होतात, बिघाड जातो, आणि तो काय होता ते कळायचं राहून जातं. त्याऐवजी यंत्रातून १००० हर्ट्झचा टोन अगदी हळू सोडते. हेडच्या ॲम्प्लिफायरनंतर, रिलेच्या अलीकडे, पलीकडे आणि शेवटी आउटपुटला अशा तारा जोडते. सगळं संगणकावर वेगवेगळ्या ट्रॅकवर रात्रभर रेकॉर्ड करत ठेवते. सकाळी आलेख पाहिला की टोन आधी कुठे तुटला ते दिसतं.

एका संस्थेच्या मशीनवर तो रिलेच्या अलीकडेच तुटत होता. हेअर ड्रायरला कागदाचं नळकांडं लावून तेवढाच भाग तापवला, लाकडी काडीने एकेक घटक हलवला. एका ट्रिमरच्या पायाभोवती सोल्डरला गोल, बारीक चीर होती. मशीन तापलं की बोर्ड जाडीत फुगे आणि पाय सुटा होई. दुरुस्तीला सोल्डरचा एक थेंब लागला. पार्ट्सचा खर्च शून्य, म्हणून हिशेबनिसांनी बिल परत पाठवलं.

ही रडकथा फक्त माझ्या धंद्याची असती तर वर्तमानपत्रात लिहिली नसती. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्ये 'डेडलाइन २०२५' नावाने इशारा दिला होता. टेप खराब होतात हे त्यात होतंच, पण चालू मशीन आणि ती जाणणारी माणसं संपत चालली आहेत हेही होतं. आपल्याकडे आकाशवाणीपासून गावोगावच्या संगीत मंडळांपर्यंत टेपांची कपाटं आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपांचा लेप ओल धरून चिकट होतो. त्या सुमारे ५४ अंशांवर काही तास शेकून मगच वाजवाव्या लागतात. अशी टेप धावत असताना मशीनने तीन सेकंद डावा चॅनेल गिळला, तर डिजिटल फाइलमध्ये ते भोक कायमचं राहतं. पुढे ऐकणाऱ्याला दोष टेपचा की मशीनचा हेही कळत नाही.

तेव्हा कंत्राट काढणाऱ्यांनी बिघाड शोधण्याच्या तासांचा वेगळा दर लिहावा, आणि काही न बदलता बिघाड सापडला तरी तो द्यावा. मूळ टेप चढवण्याआधी, ती चुकून पुसली जाऊ नये म्हणून, इरेज हेडची तार काढायला लावावी. मशीनशेजारी वही ठेवावी: बिघाड किती वाजता आला, मशीन किती वेळ चालू होतं, पाऊस होता का, लिफ्ट चालू झाली होती का. बिघाड आला की घाबरून स्विच बंद करू नये, मशीन तसंच चालू ठेवून फोन करावा. आणि जुन्या सर्व्हिस मॅन्युअलची झेरॉक्स काढताना समास कापू नये. आधीच्या इंजिनिअरांनी कुठल्या कार्डाचा कुठला पाय सुटतो ते तिथेच पेन्सिलने लिहून ठेवलेलं असतं.