भरतीची वेळ, झोपेची वेळ

स्वनियमन म्हणजे भावना, विचार आणि वागणे प्रसंगानुरूप आवरण्याची, वळवण्याची क्षमता. मानसिक आजारात दुखावते ती हीच. नैराश्यात तेच ते विचार थांबत नाहीत, मंत्रचळात (ओसीडी) हात धुणे थांबत नाही, व्यसनात तल्लफ ऐकत नाही. अशा माणसाला ‘मन घट्ट कर’ असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. जे शाबूत नाही तेच त्याच्याकडे मागितले जाते.

ही क्षमता पुन्हा उभी राहते ती बहुधा बाहेरून, दिनक्रमातून. उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या बायपोलर विकारात हे सर्वांत स्पष्ट दिसते. मानसशास्त्रज्ञ एलन फ्रँक यांच्या उपचारपद्धतीत रुग्ण पाच वेळा टिपतो: अंथरुणातून उठणे, पहिल्या माणसाशी बोलणे, कामाला लागणे, रात्रीचे जेवण, झोपणे. या वेळा स्थिर राहिल्या तर मनाचे चढउतार आटोक्यात राहायला मदत होते. गोळ्या अर्थातच चालू ठेवायच्या असतात.

मुंबईतल्या मढच्या कोळीवाड्यात ही शिस्त सोपी नाही. डोल जाळ्यांची मासेमारी पाण्याच्या ओढीवर चालते आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. होडीबरोबर माणसाची झोपही सरकते. बायपोलर असलेल्याला एखाद-दुसरे जागरणही उन्मादाकडे ढकलू शकते. म्हणून अशा घरात त्याच्याकडे किनाऱ्यावरचे, उजेडातले काम देणे शहाणपणाचे: बोंबील निवडणे, वलांडीवर वाळत टाकणे, जाळी शिवणे. पगाराच्या नोकरीत पाळी बदलून मागता येते. इथे ती घरच्यांनीच बदलायची असते.

विचारांचे नियमनही शिकता येते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ (आयपीएच) या संस्थेनेही तिचा प्रसार केला. घटना नव्हे, घटनेबद्दलचा हट्टी समज माणसाला जाळतो, हे तिचे सूत्र. तो समज रोज तपासायचा सराव मात्र तीव्र आजार ओसरल्यावरच जमतो. ऐन झटक्यात वाद घालून कुणी शांत होत नाही.

हा दिवाळी अंक हाती पडेल तेव्हा घरोघरी फराळासाठी रात्री जागवल्या जात असतील, नरकचतुर्दशीला पहाटे फटाके वाजतील. ज्याचे मन नुकतेच स्थिरावले आहे, त्याला अभ्यंगस्नानासाठी चारला उठवू नये. नेहमीच्या वेळी उठल्यावर उटणे लावावे. सलग दोन रात्री झोप न येताही तो उत्साहाने धावपळ करू लागला, तर डॉक्टरांना लगेच कळवावे. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.