जुनी युरोपियन गाडी घेताय? आधी मिस्त्री शोधा!

काशीच्या ब्रह्मा घाटावरून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. कित्येक पिढ्यांपूर्वी काशीत येऊन स्थायिक झालेले हे मराठी कुटुंब. घरात मराठी, गल्लीत बनारसी. घर घाटाच्या अगदी वर, त्यामुळे दारापर्यंत सायकलरिक्षासुद्धा येत नाही. आणि यजमानांना मोटार घ्यायची आहे!

हौस म्हणून नव्हे. सासऱ्यांना दर पंधरवड्याला लंका भागातल्या विद्यापीठाच्या इस्पितळात न्यावे लागते. गल्लीतून मैदागिनपर्यंत त्यांना हाताला धरून चालवायचे, मग ऑटोवाल्याशी घासाघीस आणि परतीला पुन्हा तेच. मुदत ठेवीचे ४ लाख रुपये नुकतेच हाती आले आहेत. यजमानांचे मन दिल्लीहून आलेल्या एका मोठ्या ऑटोमॅटिक युरोपियन सेडानवर बसले आहे. नवी असताना वीस लाखांच्या वरची ही गाडी आता साडेतीन लाखांत मिळते आहे. तिचे दार लागताना येणारा आवाजच वेगळा, असे त्यांचे म्हणणे. भगिनींचे म्हणणे, युरोपियन गाडी म्हणजे दारात बांधलेला हत्ती. आणि आपल्याकडे तर दारही नाही. दोघांनी मिळून आम्हाला पंच नेमले आहे.

निवाडा आधीच सांगून टाकतो. युरोपियन गाडी खुशाल घ्या, पण ही सेडान नको.

गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. वीस लाखांची गाडी तुम्ही साडेतीन लाखांत घेतलीत, तरी तिचा गिअरबॉक्स वीस लाखांच्या गाडीचाच राहतो आणि तो बिघडला की बिलही त्याच भावाने येते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तो हा प्रकार. जुन्या बाजारात मोठ्या युरोपियन गाड्या इतक्या स्वस्त दिसतात त्याचे कारणही हेच. पहिल्या मालकाला पुढचे बिल दिसू लागलेले असते.

पण म्हणून युरोपियन गाडी म्हणजे नाजूक प्रकरण, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवावी. प्रीमियर पद्मिनी ही मुळात इटलीची फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होत असे. उत्पादन थांबून वीसहून अधिक वर्षे लोटली तरी ती टॅक्सी म्हणून धावत राहिली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. ती इतकी टिकली, कारण तिचे इंजिन साधे होते, सुटे भाग जागोजागी मिळत आणि नाक्यावरचा कोणताही मेकॅनिक ती डोळे झाकून खोलून जोडत असे.

आता दुसरे उदाहरण पाहा, तेही प्रीमियरचेच. फ्रान्सच्या पेजो कंपनीबरोबर भागीदारी करून तिने १९९४ च्या सुमारास कल्याणला पेजो ३०९ बनवायला घेतली. गाडी वाईट नव्हती; बसायला आरामशीर, डिझेलला काटकसरी. पण कारखान्यात कामगारांचा वाद पेटला आणि १९९७ मध्ये पेजोने काढता पाय घेतला. ज्यांनी हौसेने गाड्या घेतल्या, त्यांच्या वाट्याला सुट्या भागांची शोधाशोध आली. एकाच घराण्यातल्या दोन युरोपियन गाड्या, एक अजरामर झाली आणि दुसरी पोरकी. तेव्हा गाडी कोणत्या देशाची, यापेक्षा तिच्यामागे आज कोण उभे आहे, हे पाहावे.

या कसोटीवर चार लाखांच्या आत आज काय बसते? आमच्या मते सर्वांत आधी फोक्सवॅगन पोलो, तिचीच सेडान वेंटो आणि स्कोडा रॅपिड. नावे जर्मन आणि झेक, पण जन्म पुण्याजवळच्या चाकणचा. तिथला कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. पोलो २०१० ते २०२२ अशी बारा वर्षे विकली गेली. वेंटो आणि रॅपिड तर जवळजवळ जुळ्या बहिणीच. त्यामुळे एकीचे बरेचसे भाग दुसरीला चालतात. बंद झालेल्या गाडीच्या मालकाला याहून मोठा दिलासा नाही.

यातही निवड डोळसपणे करावी. वेंटो किंवा रॅपिडचे १.६ लिटरचे साधे पेट्रोल इंजिन आणि हाताने बदलायचे गिअर, ही आमची पहिली पसंती. शहरात ती पेट्रोल जरा जास्त पिते, हे कबूल. पण तिच्यात बिघडण्यासारखे कमी आहे. पोलोचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरचे, चढावर थोडे दमते आणि उभ्या गाडीत थरथरही जाणवते. इस्पितळाच्या फेऱ्यांना मात्र पुरेसे आहे. पोलो घेणार असाल तर २०१४ च्या सुरुवातीनंतरची घ्या. त्या वर्षी ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले आणि कंपनीने सर्वच पोलोंना पुढे दोन एअरबॅगा देणे सुरू केले. त्या बसवलेल्या पोलोला चार तारे मिळाले होते.

सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी ऑटोमॅटिकपासून मात्र चार हात दूर राहा. चालवायला लोण्यासारखी, पण याच जातीच्या गिअरबॉक्सच्या तक्रारींवरून चीनमध्ये २०१३ साली ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. वॉरंटी संपल्यावर तिचे एक आजारपण तुमची उरलेली शिल्लक खाऊन टाकू शकते.

डिझेलचे गणित वेगळे. पंधरा दिवसांतून एकदा इस्पितळ आणि सणासुदीला विंध्याचल किंवा प्रयाग, एवढ्यासाठी डिझेल घेण्यात अर्थ नाही. रोजचे अंतर मोठे असेल तर गोष्ट निराळी. मग १.५ किंवा १.६ लिटरच्या टीडीआय गाडीचा टायमिंग बेल्ट कधी बदलला, हे कागदावर बघा. तो तुटला तर इंजिनाचे आतले भाग एकमेकांवर आदळतात आणि सारे इंजिन उघडावे लागते. फोक्सवॅगन समूहाने धुराच्या चाचणीत केलेली लबाडी २०१५ मध्ये उघड झाल्यावर भारतातल्या ३ लाख २३ हजारांहून अधिक डिझेल गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या गेल्या. आपली गाडी त्यात होती का आणि काम झाले का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबर देऊन विचारता येते.

रांजणगावला बनलेली फियाट पुंटो किंवा लिनिया अगदी स्वस्तात दिसेल. तिचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन मारुतीने आणि टाटानेही वापरले, त्यामुळे इंजिनाची चिंता नाही. पण फियाटने आपल्याकडे गाड्या विकणे थांबवले आहे. पुढचा दिवा किंवा बंपर फुटला तर? पेजोवाल्यांची आठवण ठेवा. रेनॉ डस्टर (२०१२ ते २०२२) जरा जुनी मिळेल, पण तिचा एक गुण या कुटुंबाने विचारात घ्यावा. तिची बैठक उंच आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली वाकून बसण्यापेक्षा असे आडवे सरकून बसणे सोपे जाते. पोलोच्या मागच्या बाकावर पाय अवघडतात. म्हणून गाडी पसंत करण्याआधी सासऱ्यांना तिच्यात दोनदा चढवून-उतरवून पाहा. दाराच्या आवाजापेक्षा ही परीक्षा मोठी!

आणि मिस्त्री? काशीत मेकॅनिकला मिस्त्रीच म्हणतात. गाडी शोधण्याआधी तो शोधा. त्याच्याकडे या गाड्यांचा संगणकीय दोष वाचणारा स्कॅनर आहे का, गेल्या महिन्याभरात त्याने अशी एखादी गाडी उघडली का आणि सुटे भाग तो कुठून मागवतो, हे विचारा. उत्तरे देताना तो चाचरला तर नमस्कार करून पुढे जा. मिळाला, तर गाडी पाहायला त्यालाच बरोबर न्या आणि त्याची फी हसत द्या.

विकणाऱ्याला सांगून ठेवा, इंजिन आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. ते कोमट लागले तर थंड इंजिनाचे काहीतरी लपवायचे आहे, असे समजा. सुरू केल्यावर निळसर धूर निघाला तर इंजिन ऑइल जाळते आहे. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, तो मागे फिरवता येतो. सर्व्हिसच्या पावत्यांवरचे आकडे लावून पाहा. टायरवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. 'तीस हजारच चाललीय' म्हणणाऱ्याच्या गाडीला तिसरा टायरजोड कसा, हे मग नम्रपणे विचारता येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाची रेघ दिसली तर गाडी पुराच्या पाण्यात बसून आलेली आहे. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या राज्यात विकल्या जातात.

दूरच्या राज्यावरून दिल्लीचा विषय निघतो. २०१५ च्या राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशापासून दिल्ली परिसरातल्या दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर टांगती तलवार आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्बंध उचलून धरला, २०२५ मध्ये काहीसा दिलासाही दिला. या धास्तीने तिथल्या गाड्या पडेल भावात पूर्वेकडे येतात. घ्यायला हरकत नाही, पण तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय पैसे देऊ नका आणि वाराणसीत नव्याने नोंदणी करताना भरावा लागणारा कर किमतीत धरा. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते, पुढे पाच-पाच वर्षांनी तपासणी. २०१३ ची गाडी घेतलीत तर ती मुदत २०२८ लाच संपते. कर्ज फेडलेले असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ मागा. थकलेले दंड परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून घरबसल्या पाहता येतात. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या.

चार लाखांतली गाडी सव्वातीन लाखांच्या वर बघूच नका. उरलेले पाऊण लाख नावनोंदणी, विमा, ऑइल, बॅटरी आणि कदाचित टायर यांसाठी लागतील. न लागले तर देव पावला. पंपावर २०२५ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. तेव्हा पेट्रोलच्या रबरी नळ्या मिस्त्रीला मुद्दाम तपासायला सांगा.

राहता राहिला दाराचा प्रश्न. गाडी मैदागिन किंवा बेनियाबागेकडे पार्किंगमध्ये ठेवावी लागणार. तिथल्या महिन्याच्या भाड्याची चौकशी खरेदीआधीच करा. पंधरा-पंधरा दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते आणि उंदीर वायरी कुरतडतात, हा खर्च कुणी धरत नाही. आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी जाऊन ती फिरवून आणावी. हे काम कोणी करायचे, ते मात्र पंचांना विचारू नये. आणि व्यवहाराच्या दिवशी दोन्ही किल्ल्या मागून घ्या. या गाड्यांची किल्ली कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे बनत नाही. तिची इलेक्ट्रॉनिक सांगड गाडीशी पुन्हा घालावी लागते. एकच मिळत असेल तर तेवढे पैसे किमतीतून वळते करा.